पाऊस पश्चिमेला, पीक पूर्वेला : जुन्नर-आंबेगावातील आर्थिक विषमता आणि तिच्या निवारणाचे प्रयत्न

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या मार्गावर मंचर आणि नारायणगाव ही दोन भरभराटलेली गावे लागतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, द्राक्षबागा, कांदा आणि टोमॅटो यांचे मळे पसरलेले दिसतात. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो राज्याबाहेरही जातो. 'विघ्नहर' आणि 'भीमाशंकर' हे दोन सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यात उभे आहेत. बँका, शीतगृहे, महाविद्यालये, पक्की घरे अशी समृद्धीची सारी लक्षणे येथे आढळतात.

मंचरहून पश्चिमेस घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकरकडे, किंवा जुन्नरहून आपटाळ्यावरून नाणेघाटाकडे वळले की पन्नास-साठ किलोमीटरांच्या आत चित्र पालटते. डोंगराच्या उतारावर भाताची लहान लहान खाचरे, त्यांच्या वर नाचणी व वरईचे माळ, मध्येच हिरड्याची झाडे आणि विखुरलेल्या वाड्या. येथे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती असून ठाकर व कातकरी कुटुंबेही आहेत. घाटमाथ्यावर अडीच-तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेकडील गावांत तो सहाशे-सातशे मिलिमीटरांपर्यंत उतरतो. असे असूनही चैत्र-वैशाखात हंड्यासाठी पायपीट करावी लागते ती पश्चिमेकडील बाईला, आणि बारमाही बागाईत पिकते ते पूर्वेकडे.

एकाच तालुक्यात, एकाच तहसील कार्यालयाच्या कक्षेत वसलेल्या या दोन जीवनपद्धतींचा अभ्यास आर्थिक विषमतेचा प्रश्न समजून घेण्यास फार उपयुक्त आहे. विषमता कशी निर्माण होते, ती कोणत्या मार्गांनी टिकून राहते आणि सार्वजनिक प्रयत्न कोठे फळतात व कोठे तोकडे पडतात, हे तिन्ही प्रश्न येथे एकत्र पाहावयास मिळतात.

सरासरीचा पडदा

विषमतेची मोजणी करताना पहिली अडचण येते ती सरासरीची. समजा, एका गावात दहा कुटुंबे आहेत. त्यांपैकी दोघांचे वार्षिक उत्पन्न प्रत्येकी पाच लाख रुपये आणि उरलेल्या आठांचे प्रत्येकी पन्नास हजार रुपये आहे. गावाचे एकूण उत्पन्न चौदा लाख आणि सरासरी एक लाख चाळीस हजार झाली. परंतु एक लाख चाळीस हजार मिळविणारे कुटुंब त्या गावात एकही नाही! दोन घरांचे उत्पन्न आणखी वाढले तर सरासरीही वाढेल आणि आठ घरांची चूल मात्र पूर्वीसारखीच राहील.

हीच गोष्ट जिल्ह्याला लागू पडते. प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी १९८३ साली राज्य शासनाने अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. या समितीने १९८४ मध्ये सादर केलेल्या अहवालात विविध क्षेत्रांतील विकासाचा अनुशेष जिल्हावार मांडला. राज्यातील विषमतेच्या चर्चेला त्यामुळे आकड्यांचा भक्कम आधार मिळाला. तथापि, पुण्यासारख्या उद्योगसंपन्न जिल्ह्याचा विचार एकत्रितपणे केला, तर भीमाशंकरच्या डोंगरातील वाडी त्या आकड्यात दिसेनाशी होते. प्रगत जिल्ह्यातील गरीब माणूस हा काही वेळा मागास जिल्ह्यातील गरिबाहूनही अधिक दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो, तो यामुळेच.

सावकारी आणि तिचा इतिहास

या भागातील विषमता आजकालची नाही. एकोणिसाव्या शतकात रोख रकमेत सारा भरण्याची सक्ती, अनिश्चित पीक आणि दिवाणी न्यायालयातील हुकूमनामे यांच्या कात्रीत शेतकरी सापडला. सारा भरण्याच्या वेळी हाती पैसा नसे. तो सावकाराकडून घ्यावा लागे. आणि व्याजासह त्याची फेड न झाल्यास जमीन गहाण पडे. १८७३ पासून आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील जांभोरीचे होनाजी केंगले यांनी आपल्या साथीदारांसह सावकारांविरुद्ध उठाव केला. सावकारांची नाके कापल्याच्या हकिकती सरकारी कागदपत्रांत नोंदल्या गेल्या आहेत. १८७६ साली होनाजी पकडले गेले. दरम्यान मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातीलच सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले आणि 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात नोंदले गेले. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

या इतिहासातील लक्षात घेण्याजोगी बाब ही की, शेतकऱ्यांचा रोष कागदावर होता. ज्या कागदाने जमीन जात होती तो कागद नष्ट करणे, एवढाच उपाय त्यांच्या हाती होता. स्वातंत्र्यानंतर लोकनियुक्त शासनाने हे कार्य कायद्याच्या मार्गाने हाती घेतले. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये यासाठी १९७४ साली जमीन महसूल संहितेत कडक तरतुदी करण्यात आल्या. हस्तांतरित झालेल्या जमिनी परत मिळवून देणारा स्वतंत्र अधिनियमही त्याच सुमारास करण्यात आला. कर्जनिवारणाचा कायदा त्यामागोमाग आला, आणि पुढे २०१४ साली सावकारी नियमनाचा नवा अधिनियम अस्तित्वात आला.

परंतु जमीन नावावर असणे आणि जमिनीने कुटुंबाला वर्षभर पोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोंगरउतारावरील खाचरातून येणारे भात अनेक घरांत काही महिन्यांपुरतेच पुरते. कर्जाची खरी गरज उद्भवते ती पावसाळ्याच्या तोंडावर. कणगी रिकामी झालेली असते, बियाणे हवे असते, घर शाकारावयाचे असते, आणि आवणीच्या कामात घरातील माणसे अडकल्याने बाहेरची मजुरी बंद असते. ही गरज भागविण्यासाठी राज्यात १९७८ साली खावटी कर्ज योजना सुरू झाली. पावसाळ्याच्या महिन्यांत आदिवासी कुटुंबाने धान्यासाठी सावकाराच्या दारी जाऊ नये, हा तिचा हेतू होता. कोरोना साथीच्या काळात, २०२० साली, कर्जाऐवजी अनुदान या स्वरूपात प्रत्येक पात्र कुटुंबाला ४,००० रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. त्यातील निम्मे रोख व निम्मे वस्तुरूप होते. खावटीचे मर्म तिच्या वेळेत आहे. ज्येष्ठात मिळालेली खावटी घर सावरते. तीच रक्कम दिवाळीत मिळाली, तर तोवर सावकाराचे व्याज सुरू झालेले असते.

हिरड्याचा भाव कोणी ठरवावा?

या डोंगरपट्ट्यात रोख पैसा देणारे मुख्य साधन म्हणजे हिरडा. त्रिफळ्यातील एक घटक म्हणून तो घरोघरी ठाऊक आहे. कातडी कमाविण्याच्या उद्योगातही त्यातील टॅनिनला मागणी असते. फळात बी धरण्यापूर्वी गोळा करून वाळविलेल्या बाळहिरड्यास पक्व हिरड्यापेक्षा पुष्कळ अधिक भाव मिळतो. उन्हाळ्याच्या दिवसांत स्त्री-पुरुष, मुले-म्हातारी सारीच या कामाला लागतात. झाडावर चढून फांद्या झोडपणे हे काम जोखमीचे. पडून जायबंदी होण्याचे प्रकारही घडतात.

माल तयार होतो तो नेमका पावसाच्या आधी, म्हणजे घरात पैशाची निकड सर्वांत मोठी असते तेव्हा. साठवण्यास कोरडी जागा नाही, बाजारापर्यंत नेण्यास वाहन नाही, आणि पुष्कळदा व्यापाऱ्याकडून उचल आधीच घेतलेली. अशा स्थितीत विकणारा भाव करू शकत नाही. तो केवळ भाव ऐकतो. वजनात, ओलसरपणाच्या सबबीखाली धरल्या जाणाऱ्या घटीत आणि हिशेबात त्याचे नुकसान होते. विषमता केवळ कमी उत्पादनातून निर्माण होत नसून घासाघीस करण्याच्या असमान शक्तीतूनही निर्माण होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या व्यवहारात शासनाने हस्तक्षेप केला. १९७२ साली महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी १९७६ साली केलेल्या अधिनियमानुसार शेतमाल व वनोपजांच्या एकाधिकार खरेदीची योजना आली. स्थानिक आदिवासी सहकारी संस्थांच्या केंद्रांवर ठरलेल्या भावाने माल घेण्याची व्यवस्था झाली. केंद्र शासनाने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तीतही हिरड्याचा समावेश होता. अशा खरेदीचा लाभ केंद्रावर माल घालणाऱ्यापुरता मर्यादित नसतो. सरकारी काटा चालू आहे एवढे कळले तरी गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला भाव चढवावा लागतो. याउलट केंद्र उशिरा उघडले किंवा पैसे मिळण्यास विलंब लागला, तर गरजू कुटुंब पुन्हा खाजगी काट्याकडे वळते आणि जाहीर झालेला भाव फलकावरच राहतो.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याच्या झाडांची मोठी हानी केली. तेव्हा एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. नुकसानभरपाईचे निकष शेतातील पिके आणि फळबागा यांना अनुसरून आखलेले; हिरडा त्यांत कोठे बसवावयाचा? भरपाईसाठी हिरडा उत्पादकांना दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला. गरिबाचे उत्पन्न ज्या वस्तूतून येते तिला शासकीय नमुन्यात स्वतंत्र रकाना नसेल, तर त्याची हानी मोजलीही जात नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

धरणे आणि त्यांचे दोन काठ

कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. कुकडनेर, मीननेर ही खोऱ्यांची जुनी नावे त्यांच्यावरूनच पडली. कुकडी प्रकल्पांतर्गत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे बांधण्यात आली. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, तसेच पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळा या अवर्षणप्रवण तालुक्यांपर्यंत त्यांचे पाणी पोहोचते. या पाण्याने हजारो कोरडवाहू कुटुंबांचे दैन्य फिटले, हे निर्विवाद आहे.

त्याची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले आहे. विदेशी मालाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राणार्पण करणारे बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. या जलाशयात तालुक्याला नाव देणारे आंबेगाव हे गावच बुडाले. नदीकाठची सखल, चांगली भातजमीन पाण्याखाली गेली आणि अनेक आदिवासी कुटुंबे वरच्या उतारावर सरकली. पाणी डोळ्यांसमोर, पण कालवे खालच्या दिशेने वाहणारे!

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी कायदा करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रेसर असून पहिला अधिनियम १९७६ चा आहे. लाभक्षेत्रातील मोठ्या धारकांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावी, हे त्याचे तत्त्व विषमता कमी करणारेच आहे. परंतु पर्यायी जमिनीसाठी मिळालेल्या भरपाईच्या ६५ टक्के रक्कम भरावी लागे. हाती आलेली अल्प रक्कम जुनी देणी आणि नवी झोपडी यांत खर्च झालेल्या कुटुंबाला ही अट जड जाई. शिवाय डोंगर, देवराई आणि सोयरेधायरे सोडून दूरच्या सपाटीवर जाण्याची अनेकांची तयारी नव्हती.

अशा कुटुंबांनी जलाशयाच्या काठीच उपजीविका शोधली. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पीक घेता येते. तिला गाळपेर म्हणतात. ही जमीन आणि जलाशयातील मासळी यांवर बुडितांचा पहिला हक्क असावा, यासाठी 'शाश्वत' या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने येथील आदिवासींनी दीर्घ प्रयत्न केले. त्यातून मच्छिमारांची सहकारी संस्था उभी राहिली. भाताची शेती करणाऱ्या माणसाने होडी आणि जाळे हाती घेतले. धरणाने नेलेल्या संपत्तीचा काही वाटा धरणातूनच परत मिळविण्याचा हा मार्ग अन्य जलाशयांच्या काठी राहणाऱ्यांनीही अभ्यासावा असा आहे.

रोजगार हमी आणि पडकई

भातकापणी झाली की पश्चिमेकडील कुटुंबे कामाच्या शोधात पूर्वेकडे उतरतात. नारायणगावात भरणारा मजुरांचा बाजार सर्वपरिचित आहे. कांद्याची लागण, टोमॅटोची तोडणी, द्राक्षबागेतील कामे यांसाठी बागाईतदार तेथून माणसे नेतात. पूर्वेची समृद्धी अशा रीतीने पश्चिमेच्या हातांवर उभी आहे. मजुरी ठरते ती त्या दिवशी बाजारात माणसे किती आली यावर. घरी परतून दुसरे काम मिळण्याची शाश्वती असेल, तरच मजुराला नकार देण्याचे बळ येते.

ही शाश्वती देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ती राज्यभर नेण्यात आली. १९७७ साली तिचा अधिनियम संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरला. योजनेसाठी शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. बागाईत जमिनींवरील विशेष आकारणीनेही तिला हातभार लावला, आणि जमलेल्या रकमेइतकीच भर शासनाने घालावयाची असे ठरले. सुस्थितीतील वर्गाने दुर्बलांच्या रोजगाराचा भार उचलावा, हे समतेचे तत्त्व येथे अर्थसंकल्पात उतरले. २००५ साली संसदेने केलेल्या राष्ट्रीय कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

मात्र पूर्वी रोजगार हमीची कामे बहुधा रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी असत. डोंगरातील शेतकऱ्याला हवी होती ती पडकई. उतारावरची जमीन खणून, दगडाची ताल रचून, माती सपाट करून नवे भातखाचर तयार करण्याची ही जुनी रीत आहे. उन्हाळ्यात गावातील कुटुंबे गटाने एकमेकांच्या शेतावर राबत. पण पोटासाठी गाव सोडावे लागू लागल्यावर परस्परांसाठी देण्यास दिवसच उरेनात. पडकईच्या कामाला रोजगार हमीतून मजुरी मिळावी, ही मागणी पुढे आली आणि कालांतराने मान्य झाली. तिचे महत्त्व सहज ध्यानात यावे. मजुरी आज मिळते, आणि मजुरी संपल्यावरही खाचर शिल्लक राहते. सडकेवर काम करणारा मजूर काम संपताच पुन्हा मजूरच असतो. पडकई करणारा मात्र आपल्या भांडवलात भर घालतो.

या कथेला एक दुःखद बाजूही आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण असले, तरी उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचीही त्या वेळी गंभीर चर्चा झाली. हाताने, दगडाला दगड लावून, पाण्याला वाट ठेवून केलेली पडकई आणि यंत्राने घाईघाईत फोडलेला उतार यांत भेद आहे. गरिबांसाठीची योजना घाईने उरकण्यात धोका केवळ पैशाचा नसतो, हे विसरून चालणार नाही. माळीणचे नवे गाव उभे राहून २०१७ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या स्वाधीन करण्यात आले.

हक्क आणि निधी

पाचव्या योजनेच्या काळात आदिवासी उपयोजना सुरू झाली आणि एकात्मिक प्रकल्प कार्यालये अस्तित्वात आली. या भागाचे कार्यालय घोडेगाव येथे आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे, पाणीपुरवठा, घरकुले अशी कामे त्याद्वारे होतात. आदिवासी विकासासाठीचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात असावा, अशी शिफारस द. म. सुकथनकर समितीने केली. त्यानुसार १९९३-९४ पासून राज्य योजनेतील ९ टक्के रक्कम वेगळी काढण्याची पद्धत सुरू झाली. १९८५ साली या दोन तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट झाली. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याचा व राज्याच्या २०१४ च्या नियमांचा लाभ तेथील ग्रामसभांना मिळू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्क आणि गौण वनोपजाची मालकी मान्य केली. विवाहितांच्या बाबतीत हा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविण्याची तरतूद आहे. ज्या बाईने जन्मभर खाचरात आवणी केली, तिचे नाव प्रथमच जमिनीच्या कागदावर येते, ही गोष्ट लहान नाही.

जुन्नर-आंबेगावच्या अनुभवाकडे एकत्रितपणे पाहिले असता एक निष्कर्ष निघतो. साहाय्याची रक्कम किती, यापेक्षा तीन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात : ती योग्य ऋतूत पोहोचते काय, तिच्यामुळे गरिबाच्या हाती खाचर, झाड, मासळी यांसारखे उत्पन्नाचे साधन येते काय, आणि भाव ठरविताना त्याचा शब्द चालतो काय. या तिन्ही कसोट्यांवर उतरलेले प्रयत्न येथे टिकले आहेत. पुढील काळात हिरड्यावर गावातच प्रक्रिया होणे, ग्रामसभांनी साठवण व विक्री हाती घेणे आणि जलाशयांच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांना पिण्याचे व एका पिकापुरते पाणी उचलून देणे, ही कामे अग्रक्रमाने व्हावयास हवीत. घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचा थोडा अंश तेथेच थांबला, तर खाली वाहणाऱ्या कालव्यांचे काही उणे होणार नाही. वाडीतील माणसाचा मात्र बाजारात उभे राहण्याचा मार्गशीर्षातला नाइलाज टळेल.